हिराबाईचा फ्रीज

हिराबाईची साखर चारशे बारा आली तेव्हा आमच्या डॉक्टरांनी तिचा केसपेपर माझ्या खिडकीत सरकवला आणि म्हणाले, "मॅडम, ही बाई खोटं बोलतेय. इंजेक्शन घेतच नाहीये."

मी तेव्हा कशेळ्याच्या अलीकडे एका ट्रस्टच्या दवाखान्यात फार्मसिस्ट होते. डॉक्टर लिहून देतील ते औषध मोजून द्यायचं आणि ते कसं घ्यायचं हे समजावून सांगायचं, एवढं माझं काम. पहिला भाग कोणालाही जमतो. दुसऱ्या भागाचा मला फार अभिमान होता. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे. मी त्यांना सर म्हणायची, ते मला मॅडम म्हणायचे, आणि हिराबाईला आम्ही दोघंही 'अगं' म्हणायचो. ती पन्नाशीची होती आणि आम्हा दोघांनाही 'तुमी' म्हणायची.

हिराबाई डोंगरावरच्या ठाकरांच्या वाडीतली. रोज सकाळी तासभर डोंगर उतरून नाक्यावर यायची, रानभाजी नाहीतर पळसाची पानं विकायला बसायची आणि उन्हं कलली की तासभर चढून घरी जायची. पायाच्या अंगठ्याला काटा लागून जखम झाली होती, ती दोन महिने भरत नव्हती. पनवेलच्या सर्जनने सांगितलं होतं की साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. अंगठा गेला तर डोंगर कसा उतरणार, एवढीच तिची काळजी होती, आणि ती रास्त होती. म्हणून आम्ही तिला इन्सुलिन सुरू केलं होतं. सकाळ-संध्याकाळ स्वतःच पोटात टोचून घ्यायचं.

डॉक्टरांनी तिला पुन्हा आत बोलावलं आणि मधुमेहाचा छापील तक्ता समोर धरला.

"गोड खातेस?"

"कोन देतंय?"

"भात कमी कर."

"कमीच हाय, सायेब."

"रोज अर्धा तास चालायला जात जा."

हिराबाईने माझ्याकडे पाहिलं. मी कपाटात उगाच काहीतरी शोधू लागले. तक्त्यात खाली 'पायाला विश्रांती द्यावी' असंही होतं. डॉक्टरांनी तेही वाचून दाखवलं.

मग माझी पाळी. "बाटली फ्रीजमध्ये ठेवतेस ना गं?"

"तर. फ्रीजातच ठेवते."

मला कोण आनंद झाला. इन्सुलिन उष्णतेने खराब होतं, म्हणून पहिल्या दिवशी मी कागदावर 'फ्रीजमध्ये ठेवणे' असं लिहून त्याखाली लाल पेनाने दोन रेघा मारल्या होत्या. संध्याकाळी मी डॉक्टरांना कौतुकाने म्हणाले, "सर, वाड्यांवर फ्रीज पोचले."

डॉक्टरांनी डोस वाढवला. पंधरा दिवसांनी साखर तेवढीच. आम्ही तिला आमच्यासमोर रिकामी सुई टोचून दाखवायला लावली. तिने आमच्या सिस्टरपेक्षा सफाईने टोचली, त्यावर सिस्टर दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. डोस आणखी वाढला. साखर चारशे तीस. शेवटी डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, 'रुग्ण सहकार्य करत नाही.' हा शेरा एकदा पडला की पुढचं सगळं सोपं होतं. अंगठा गेला तर तो कुणामुळे गेला, हे आधीच लिहून ठेवलेलं असतं.

मला मात्र ती सुई टोचण्याची सफाई आठवत होती. न टोचणाऱ्याचा हात असा चालत नाही. मी म्हटलं, "हिराबाई, उद्या येताना ती बाटली घेऊन ये बघू."

"उद्या कशाला? आत्ता आनते की."

आणि लंगडत गेली. मी डबा उघडला. आता दोन तास तरी ही येत नाही, असा माझा हिशेब. माझी पोळी अर्धी व्हायच्या आत हिराबाई परत खिडकीत हजर. हातात आइस्क्रीमचा कागदी कप आणि कपात इन्सुलिनची बाटली, वर पांढरं हिम धरलेली. मी हातात घेतली. आतला ऐवज दगडासारखा.

"अगं, हे काय?"

"जरा दम धरा बाई. काखेत धरली का पानी व्हतं. मंग घ्यायची."

इथे थोडं शास्त्र सांगते. इन्सुलिन गार हवं, पण गोठलं की संपलं. उकडलेलं अंडं गार केलं म्हणून पुन्हा कच्चं होत नाही, तसंच हे. वितळल्यावर बाटलीत औषध दिसतं, पण त्याचा भरवसा शून्य. माझी पेशंट कित्येक दिवस सकाळ-संध्याकाळ तेच टोचून घेत होती, एकही दिवस न चुकवता.

तिच्यामागोमाग मी रस्ता ओलांडून गेले. नाक्यावर शांताराम शेठचं कोल्ड्रिंकचं दुकान. हिराबाई सकाळी शटर उघडलं की तिथे पहिलं इंजेक्शन घ्यायची आणि डोंगर चढायच्या आधी भाकरी खाऊन दुसरं. शेठनी मोठ्या अभिमानाने डीप फ्रीजरचं झाकण उचललं.

"कोल्ड्रिंकचा फ्रीज गिऱ्हाइकं सारखी उघडतात, मॅडम. औषध गरम व्हायचं. म्हनून ह्यात, कुल्फीच्या खाली. कोनाचा हात नाय लागत. अन् मी भाडं घेत नाय हां."

कुल्फीखाली आणखी तीन बाटल्या होत्या. तिन्ही त्याच वाडीच्या. त्यांना चिकटवलेल्या आमच्या चिठ्ठ्यांवरची नावं मी वाचली. तिघांच्याही केसपेपरवर तोच शेरा होता.

मी धावतच दवाखान्यात आले. पन्नाशीनंतर मी एवढी कधी धावले नव्हते. कारण एकच. चौघांचाही डोस वाढवलेला होता, हिराबाईचा तर दोनदा. उद्या तिला चांगली बाटली दिली असती आणि तिने तेवढाच डोस घेतला असता, तर साखर एकदम खाली जाऊन बाई डोंगराच्या वाटेवर बेशुद्ध पडली असती.

"सर, वाढवलेला डोस आधी खोडा. चौघांचाही."

सगळं ऐकून डॉक्टरांनी चौघांचे केसपेपर पुढ्यात ओढले. मग म्हणाले, "म्हणजे मी इतके दिवस डोस वाढवत होतो तो..."

"पाण्याचा, सर."

त्यांनी शेरेही खोडले. इतके जोरात की एका केसपेपरला भोक पडलं.

मी चौघांना नव्या बाटल्या दिल्या, एकेकच. पुढची आमच्याकडच्या फ्रीजमध्ये. चालू बाटली उन्हाबाहेर, गारव्याला ठेवली तर महिनाभर घरातही टिकते. मोठ्या मडक्यात ओली वाळू, वाळूत छोटं मडकं, त्यात बाटली, वर ओलं फडकं. मी हिराबाईला हे रंगवून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मडकं तं घरातच हाय. मंग मला फ्रीज हुडकायला कोनी लावलं?"

"मी."

"सात दुकानं फिरले बाई. लोकं हसायची. हिला फ्रीज कशाला पायजे म्हनायची."

मला स्वतःची लाज वाटली, आणि रागही आला. तिथून थोड्या अंतरावर कळंबच्या रिसॉर्टमध्ये खोलीगणिक एक फ्रीज असतो, आत सोड्याच्या बाटल्या. आणि इथे चार माणसांचे अंगठे आणि डोळे एका कुल्फीच्या पेटीवर अवलंबून. हे मला माहीत नव्हतं असं नाही. विचारायचं सुचलं नव्हतं.

दोन महिन्यांत साखर एकशे साठवर आली आणि जखम भरली. अंगठा जरा वाकडा झाला आहे, पण जागेवर आहे. शांताराम शेठ मात्र नाराज झाले. आपल्या पेटीत काय कमी होतं, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

मी इतकी वर्षं सूचना न पाळणाऱ्या रोग्यांवर चिडत आले. हिराबाईने माझी सूचना अक्षरशः पाळली आणि त्यापायी तिचा अंगठा जाणार होता. तेव्हापासून कोणी "फ्रीज हाय" म्हणालं की मी खूश होत नाही. पेन खाली ठेवते आणि विचारते, "कुणाचा?"