आत वाघ, बाहेर बैल

“लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव?” कल्याणच्या एका छापखान्याच्या मालकांनी टाक दौतीत बुडवून विचारलं.

“हौसा.”

“हौसा, पुढे काय? नवऱ्याचं नाव?”

नवऱ्याचं नाव बाईनं तोंडानं घ्यायचं नसतं, हे हौसाला परकर नेसत होती तेव्हापासून ठाऊक. नवरा तर शेजारच्याच बाकावर बसलेला, टोपी गुडघ्यावर ठेवून. तिनं त्याच्याकडे हनुवटी उडवली. मालकांना हनुवटीतलं नाव काही वाचता येईना.

“राघो,” बरोबर आलेल्या कुंडलिकनं सांगून टाकलं.

टाक कुरकुरला. मालकांनी काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते कुणी वाकून पाहिलं नाही, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला.

“बैलांचं पुस्तक, आणि लिहिणार बाई!” मालक वही चाळत म्हणाले. “घेणार कोण हे?”

“ज्याला बैल घ्यायचाय तो,” हौसा म्हणाली.

“पण बाईचं नाव बघून...”

“बैलाला कुठं वाचता येतंय?”

राघोनं हसू दाबायला टोपी तोंडावर धरली. मालक चिडले. “तुम्ही सगळे पदरमोडे! पदरचं घालून छापता, आणि वर्षभरानं गठ्ठ्यांवर बसून रडता. या कुंडलिकचं काय झालं? त्या देवरामचं काय झालं?”

“झालं ते झालं,” हौसा उठली. “माजं छापा. आन म्हश्याच्या जत्रेआधी द्या.”

हौसा मूळची मुरबाडकडच्या धसईची, देवजीची एकुलती पोर. देवजी बैल पारखण्यात पटाईत. मुलगा नाही म्हणून म्हश्याच्या बैलबाजारात तो पोरीलाच खांद्यावर बसवून न्यायचा. वरून तिला बैलांच्या पाठी दिसत, आणि दलालांचे हात. शिंगं काचेनं खरवडून म्हातारा बैल तरणा कसा करतात, लंगडा बैल नेमका कुठल्या उतारावर उभा करतात, सगळं तिनं त्या खांद्यावरून पाहिलं. मराठी दुसरी झाली आणि लग्न होऊन ती खर्डीला आली. तिथं लोक बैल घ्यायला निघाले की आधी राघोच्या दारात येत. “राघो, चल की बरोबर.” राघो म्हणे, “मला बैल हाकता येतो. बघायचा असंल तर हिला न्या.” मग ते घुटमळत, आणि एकटेच जात. परत येत ते डोकं धरून. शेजारच्या काळूरामनं चारदाती, म्हणजे ऐन तरणा, म्हणून आणलेला बैल पहिल्याच नांगरटीला बसला, तो उठलाच नाही. त्या दिवशी हौसानं वाण्याकडून वही आणली.

“माज्यासंगं यायला लाज वाटते ना? मग माजी वही न्या,” ती म्हणाली.

वहीचं पुस्तक होऊ शकतं हे तिला देवरामनं सांगितलं. देवराम खर्डी स्टेशनाजवळ रुळांच्या कामावर होता. तानशाच्या रानातल्या वाघांच्या गोष्टी त्यानं पदरमोड करून छापल्या होत्या. मुखपृष्ठावर मोठा वाघ, आत गोष्टी अकरा, आणि खपल्या प्रती चौदा. कुंडलिक मुरबाडचा शिंपी. त्याच्या भजनांच्या पुस्तकात छापखान्यानं शेवटचं पानच घातलं नव्हतं. आरती अर्ध्यावर तुटलेली. तेव्हापासून तो कुणाचंही पुस्तक हातात आलं की आधी पानं मोजायचा, मग नाव वाचायचा.

हे तिघं रविवारी स्टेशनामागच्या जांभळाखाली बसत. रीत एकच होती. आपलं लिहिलेलं आपण वाचायचं नाही, दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायचं. वाचणारा जिथं अडखळेल तिथं लिहिणाऱ्यानं मुकाट खूण करायची आणि घरी जाऊन ती ओळ पुन्हा लिहायची.

“वैनी, इथं बैल उभा हाय का बसलाय?” देवराम विचारायचा.

“उभा.”

“मग तसं लिवा की. मी मगापासून त्याला बसलेला धरून चाललोय.”

“तुमच्या वाघाचं तरी काय! तिसऱ्या गोष्टीत मरतो आन चौथ्या गोष्टीत डरकाळी फोडतो.”

“तो दुसरा वाघ.”

“मग तसं लिवा की!”

ही बैठक पुढं दहा-बारा वर्षं चालली. लढाईत कागद मिळेनासा झाला तेव्हा जुन्या पावत्यांच्या पाठीवर लिहून चालली. माणसंही वाढली. मालकांनी दिलेलं पदरमोडे हे नाव त्यांनी ऐटीत लावलं. पण मला सांगायचंय ते अडतीस सालच्या पौषातलं, हौसाच्या पहिल्या पुस्तकाचं.

जत्रेला सहा दिवस उरले असताना खर्डी स्टेशनावर गठ्ठा उतरला. तीनशे प्रती. राघोनं तो डोक्यावरून अंगणात आणला. कुंडलिक मुद्दाम मुरबाडहून आलेला. त्यानं विळ्यानं दोरी कापली, वरचं पुस्तक उचललं आणि पानं मोजायला लागला.

“अठ्ठेचाळीस. बरोबर हायत!”

“नाव वाच,” हौसा म्हणाली.

कुंडलिकनं पुस्तक मिटून पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. पुस्तक त्यानं देवरामकडे दिलं. देवरामनं वाचलं. “बैल पारखावा कसा. लेखक, राघो.” तो थांबला. “एवढंच हाय, वैनी.”

“मी?” राघो म्हणाला. “मी तर कधी कुणाला कागद लिवला नाय!”

कुंडलिकनं कपाळावर हात मारला. “माजीच चूक. तिथं मीच तुमचं नाव घेतलं. मालकानं बाईच गाळून टाकली.”

गठ्ठा पाहायला गावचे पाटील आले होते. ते खूश झाले. “देवानंच लाज राखली म्हणायची. बायकोचं नाव बाजारात जायचं वाचलं. राघो, पेढे वाट.”

राघोनं पुस्तक हातात घेतलं. “देवराम, यातलं माजं नाव कुठलं रे?”

देवरामनं बोट ठेवून दाखवलं. राघोनं आपलं जाडं बोट त्या दोन अक्षरांवरून फिरवलं. हौसा बघत होती. चाळिशीतला माणूस, पहिल्यांदा आपलं नाव छापलेलं पाहत होता. तरी ती बोललीच.

“फाडा.”

“अगो, वेडी का खुळी?” पाटील म्हणाले. “आतलं तुझंच हाय ना? मग वरती कुणाचं का असंना!”

“आतलं माजं हाय, म्हूनच वरती माजं पायजे. उद्या कुणी विचारलं, राघो, सहादाती बैल कसा ओळखायचा? तर हे काय सांगतील? यांना का खोटं पाडायचं चारचौघांत?”

“आन तुझं नाव बाजारात मांडलेलं चालंल?”

“बाजारात बैलाचं नाव घेतात, दलालाचं घेतात. माजंच काय उष्टं झालंय?”

पाटलांनी राघोकडे पाहिलं. “तू घरचा धनी. तू सांग.”

राघोनं हातातल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ धरलं आणि ओढलं. चर्रकन आवाज झाला. फाटलेला तुकडा त्यानं चार घड्या करून टोपीत ठेवला. “एक मला राहू दे गो,” तो म्हणाला. “बाकीची फाड.”

पाटील उठून गेले.

तीनशे पुस्तकं उघडी पडली. छापखान्यात पुन्हा जायचं तर आठ दिवस लागणार, आणि जाड कागद तर शहापुरात कुठल्याच दुकानात नव्हता. देवराम घरी गेला आणि डोक्यावर आपल्या न खपलेल्या वाघांचा गठ्ठा घेऊन आला.

“हे कशाला?” हौसानं विचारलं.

“मुखपृष्ठ काढायची आन उलटी लावायची. आतली बाजू कोरी हाय.”

“आन तुमची पुस्तकं?”

“ती उघडी बसतील. घरात बसलीच हायत की, आता अंगरखा काढून बसतील.”

“देवराम, नाय हो...”

“वैनी, माजा वाघ दोन वर्षं माळ्यावर उपाशी हाय. बैलाच्या मागं तरी बाजार बघंल.”

देवरामच्या गठ्ठ्यातून दोनशे निघाली. उरलेली शंभर कुंडलिकनं मुरबाडला जाऊन आपल्या भजनांची सोलून आणली. “तशी आरती अर्धीच हाय,” तो म्हणाला.

ती जोडायची कशानं, हा पुढचा पेच. हौसानं खळ शिजवायला घेतली, तेवढ्यात ठाकरवाडीची सावळी सुपं विकायला आली आणि टोपात डोकावून हसली.

“तांदळाची खळ? उंदरांचं लगीन हाय का तुज्या घरी? कणगीशेजारी ठेवशील आन सकाळी नुसती पानं उरतील.”

“मग कशानं लावू?”

सावळीनं कमरेची बांबूच्या बारीक काड्यांची जुडी काढली. पत्रावळी टाचायच्या काड्या. पुस्तकाची कड तिनं बोटांत दाबली, काडी आत घातली, बाहेर काढली, मोडली. दोन टाके. पुस्तक घट्ट. “पान ते पान,” ती म्हणाली. “पळसाचं काय आन कागदाचं काय.”

मग अंगणात रांगच लागली. कुंडलिक दाभणानं भोकं पाडायचा, सावळी टाचायची, देवराम कडा सारख्या करायचा. हौसा शेवटी बसली. राघो बैलांच्या शिंगांसाठी गेरू कालवत होता. तीच वाटी तिनं ओढून घेतली, झाडूची काडी चावून तिचा कुंचला केला, आणि कोऱ्या मुखपृष्ठावर लिहिलं: बैल पारखावा कसा. लिहिणार हौसा. तीनशे वेळा. शंभरीत बोटं आखडली, दोनशेत अक्षर वाकडं झालं. कुंडलिक म्हणाला, “वैनी, आता मी लिवतो थोडी.” ती म्हणाली, “या नावाला दुसऱ्याचा हात आता नाय लावायचा.”

बैलगाडी शहापूर, किन्हवली, सरळगाव करत तिसऱ्या दिवशी म्हश्याला पोचली. बाजार भरला होता. घुंगरं, धूळ, शेणाचा वास. जिकडंतिकडं माणसं रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत होती. हौसानं गाडीसमोर पोतं अंथरलं, पुस्तकं मांडली, आणि बरोबर आलेला देवराम एका कडेला बसला. लोक येत, गेरूतलं नाव वाचत, तिच्याकडे बघत आणि पुढं जात. एकानं उघडून आत पाहिलं.

“हे काय? आत वाघ, बाहेर बैल?”

“बाजारात सगळं असंच असतं,” हौसा म्हणाली. “म्हून तर लिवलं.”

तो हसला, पण घेतलं नाही.

दुपारपर्यंत एकही गेलं नाही. मग लाल पटक्याचा एक दलाल आला. मागं पाच-सहा जण आणि विकायचा बैल, हातात रुमाल. रुमालाखाली एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा हात त्यानं धरूनच ठेवला होता. सौदा चालू होता.

“दलाल बैल कसे रंगवतात ते लिवलंय म्हणे,” तो मोठ्यानं म्हणाला. “कुणी? या बाईनं?”

“मीच.”

“मग बाय, आधी नवऱ्याचं नाव घे बघू! चांगला लांबलचक उखाणा घे. आवडला तर धा पुस्तकं घेतो.”

माणसं जमली. हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, “घे गो, लाजू नको!” हौसानं मान वर केली. गाडीच्या जुवाजवळ राघो उभा होता, टोपी हातात.

“उखाणा लग्नात घेतला,” ती म्हणाली. “हा बाजार हाय.”

आणि मग, सगळ्या बैलांच्या घुंगरांवरून ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, “राघो!”

हसणं थांबलं.

“ओ!” राघोनं जुवाजवळून ओ दिली. “काय गो?”

“काय नाय. नाव घेतलं. आता यानं धा मोजून घ्यायची.”

आता लोक हसले ते दलालाकडे बघून. त्याचा चेहरा पटक्यासारखा झाला. “नावं घेऊन बैल कळत नाय!” तो ओरडला.

“ते बी खरं,” हौसा म्हणाली, आणि त्याच्या मागच्या बैलाजवळ गेली. “कितीदाती म्हणतोस?”

“चारदाती. सगळ्या बाजारानं बघितलाय.”

“देवराम, पान नववं.”

देवराम पोत्यावरून उठला. पुस्तक उघडलं आणि खणखणीत वाचू लागला. “शिंग फार चकाकत असंल तर तेल पुसावं. बुडाशी नख फिरवावं. वळ्या लागल्या तर मोजाव्या. लागल्या नाहीत, आणि काचेचे ओरखडे लागले, तर समजावं की वय खरवडून काढलं आहे. मग तोंड उघडावं. विकणारा उघडू देणार नाही. तरी उघडावं.”

देवराम एकदाही अडखळला नाही. तो वाचत होता तसतशी हौसा करत होती. लुगड्याच्या पदरानं तेल पुसलं. नख फिरवलं. मग बैलाचा जबडा धरून खालचा ओठ ओढला आणि म्हाताऱ्या शेतकऱ्याला म्हणाली, “बाबा, या. तुमीच मोजा.”

म्हातारा वाकला. बोटानं एकेक दात मोजत गेला. चारवर थांबला नाही. सहावर थांबला नाही. आठही दात येऊन झिजलेले होते.

दलाल रुमाल पुढं धरून उभा होता. “बाबा, हात द्या. सौदा अर्धा झालाय.”

म्हाताऱ्यानं ओला हात धोतराला पुसला. रुमालाकडे नेला नाही. हौसाकडे केला.

“एक दे, पोरी,” तो म्हणाला. “मला वाचता येत नाय. नातीला येतं. कुणाचं म्हून सांगू तिला?”

हौसानं पुस्तक त्याच्या हातात ठेवलं, आणि देवरामकडे वळली.

“वाचा, देवराम. पयल्यापासून. वरचं नाव बी.”