टाळीच्या मागून

माझ्या आत्याला घरात सगळे अक्का म्हणतात. बाहेर तिची ओळख जॅझ गायिका म्हणून. बेंगळुरूच्या हॉटेलांत ती वर्षानुवर्षं गायली. सिनेमात क्लबचं दृश्य आलं की गळा हिचा असायचा आणि पडद्यावर नाचायची दुसरीच. आजही महादेवपुऱ्यातल्या एखाद्या कॅफेत पोरंपोरी गिटार घेऊन बसतात आणि शब्द ठेक्याच्या जरा मागून टाकतात, ती लकब अक्काची. लहानपणी माझ्या मांडीवर थाप देत ती शिकवायची, "थांब, स्वल्प थांब. टाळी पडू दे, मग ये. गाण्यामागं धावायचं नाही."

येलहंक्याच्या आमच्या घराला हे गाणं कधी पचलं नाही. गौरीच्या आरतीला बायका उभ्या राहिल्या, की अक्काला हमखास पाहुण्यांच्या कॉफीचं काम निघायचं. हॉटेलात गाणारीनं देवीपुढं म्हणायचं नाही, हे कुणी तोंडानं बोललं नाही, पण तिला कळायचं. मलाही कळायचं, आणि माझं डोकं फिरायचं.

मग एका मुलीनं अक्कावर माहितीपट करायला घेतला, आणि आमच्या घराला अचानक कौतुकाचं भरतं आलं. अक्का आता बेळ्ळंदूरला माझ्याकडे असते. काका-काकू तिथं येऊन बसले. काकूनं काठापदराचं लुगडं आणलं होतं, कॅमेऱ्यापुढं नेसायला. काका म्हणाले, "गाणं आपल्या देवघरात शिकले, वडिलांच्या भजनात, असं सांग. हॉटेलाचं कशाला उगाच काढायचं?"

"काका, देवघरात तिला कधी उभं तरी केलंत का?" मी म्हटलं.

"तू मध्ये पडू नकोस."

अक्का भावाला म्हणाली, "सरी अण्णा, बरं. तसंच सांगते."

आणि सांगितलंन की तसंच. त्या मुलीनं हॉटेलांबद्दल विचारलं, सिनेमाबद्दल विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं. तिला अक्काची सगळी गाणी पाठ होती बिचारीला. लुगड्यातली अक्का हात जोडून म्हणाली, "ते असंच, पोटासाठी. खरं गाणं भजनाचं." काका समाधानानं मान डोलावत होते. मी उठून गॅलरीत गेले. आत बसले असते तर काहीतरी फेकून मारलं असतं.

सगळे गेल्यावर मी तिच्याशी भांडले. "तुझ्यामागं आता हेच राहणार. ज्या गाण्यासाठी जन्म वेचलास, त्याला पोटासाठी म्हणालीस? लाज नाही वाटली?"

ती लुगड्याची घडी घालत होती. "वाटली ना. पण गाणं राहील गं, त्याला माझी गरज नाही. यंदा गौरीची आरती म्हणायला बोलावलंय मला अण्णानं." मग घडी नीट बसली नाही म्हणून तिनं ती परत मोडली. "मला एकदा माझ्या घरात उभं राहायचंय."

मला रडू आलं, आणि तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

गौरीच्या दिवशी तिला अगदी पुढं उभं केलं. काकूनं स्वतः तिच्या हातात तबक दिलं. बायकांनी टाळ्या धरल्या, आरती सुरू झाली. अक्कानं डोळे मिटले. टाळी पडली आणि अक्काचा शब्द टाळीच्या जरा मागून आला. पुढचाही तसाच आला, सावकाश, टाळी संपू देऊन. इतक्या वर्षांनी ते गाणं त्या देवघरात शिरलं होतं आणि कुणी त्याला अडवलं नव्हतं.

काकूनं हळूच तिच्या कोपराला हात लावला. फार मायेनं म्हणाली, "अक्का, स्वल्प मागं पडतेयस. आमच्याबरोबर ये."

अक्कानं डोळे उघडले, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मान हलवली. पुढचं कडवं तिनं बरोबर टाळीवर म्हटलं. त्यानंतर इतक्या बायकांत तिचा आवाज कोणता, ते मला ओळखता आलं नाही.