ओटी भरली डॅन्यूबची

दुबईत नदी नाही. हा काही माझा गुन्हा नव्हे, पण आईचं मत वेगळं होतं.

रियाच्या जन्माच्या वेळी "दोन महिने ये" म्हणून आईला कऱ्हाडहून अल बर्शाच्या आमच्या फ्लॅटमध्ये आणलं. रिया आता दहावीत आहे, म्हणजे ते दोन महिने किती लांबले ते समजा! मुग्धा आणि मी दोघंही नोकरीवाले, त्यामुळे घर आईच्या जिवावर चालायचं. आणि यंदा, पोळी लाटता लाटता, आईने जाहीर केलं, "मी आता कायमची कऱ्हाडला जाते. मला कृष्णा बघायचीय."

मुग्धा पांढरीफटक पडली. बेडरूमचं दार लावून म्हणाली, "संजू, रियाचं बोर्डाचं वर्ष आहे! डबे कोण करणार? माझं ऑडिट कोण करणार?"

"ऑडिट तूच करणार. आईला नदीच हवी ना? मग नदी दाखवू!" मी म्हणालो. (मला अशा कल्पना सुचतात तेव्हा आजूबाजूला एकही शहाणं माणूस नसतं.)

ईदच्या सुट्टीला जोडून वीकएंड धरला आणि ऑस्ट्रियात, डॅन्यूबकाठच्या एका जुन्या गावात जाऊन पोहोचलो. गाव एवढं शांत, की दगडी रस्त्यावर आमच्या बॅगांची चाकं खडखडली तशा समोरच्या खिडक्या उघडल्या. घरमालकिणीने किल्ली देतानाच बजावलं, "रविवारी आवाज नाही." रिया म्हणाली, "डॅड, देअर इज लिटरली नथिंग हिअर." आई मात्र नदी बघून खुलली. मी मुग्धाला डोळा मारला. काम फत्ते!

"पाणी छान आहे हो. हिची ओटी भरायला हवी," आई म्हणाली.

तिच्या बॅगेतून हिरवी साडी निघाली, तांदूळ निघाले, हळदकुंकू निघालं आणि अल बर्शाच्या सुपरमार्केटातला नारळही निघाला. रविवारी सकाळी मी तिला काठावर नेलं. तिने मनोभावे साडी पाण्यात सोडली, नारळ सोडला, हात जोडले आणि "गारठले रे" म्हणत शाल आणायला टेकाडावरच्या खोलीकडे गेली. इकडे साडीत हवा भरून ती टम्म फुगली. पुढे शेंडीसकट नारळ, मागे हिरवी साडी, अशी ती जोडी प्रवाहातून निघाली.

तेवढ्यात कुत्रं घेऊन एक म्हातारबुवा आले. नदीकडे बोट करून ओरडले, "हू इज दॅट?"

मला वाटलं, साडी कोणाची ते विचारतायत. "माय मदर!" मी अभिमानाने सांगितलं.

"युवर मदर?"

"हो, हो! तिची फार इच्छा होती. आमच्या दुबईत नदी नाही ना." (हे सगळं इंग्रजीतून. त्यांचं मोडकं, माझं ऑफिसचं.)

"आणि तुम्ही नुसते बघत राहिलात?"

"नुसता कशाला? एवढ्या लांब मीच तर तिला घेऊन आलो!"

म्हातारबुवांनी कुत्र्याला पायाशी ओढलं. "आता ती कुठे आहे?"

"शी हॅज गॉन अप," मी टेकाडाच्या दिशेने हात वर केला. "व्हेरी हॅपी!"

म्हातारबुवांनी फोन काढला. थोड्याच वेळात त्या शांत गावात भोंगा वाजला! लाल गाडी आली, बोट आली, अख्खं गाव काठावर जमलं आणि एका पोलीसबाईने माझं कोपर घट्ट धरलं. केस पिंजारलेली मुग्धा धावत आली. "काय केलंस तू?"

"ओटी भरली!"

"डॅड, व्हाय आर दे होल्डिंग यू?" मागून रिया.

एका तरुणाने पाण्यात उडी मारून साडीला मिठी घातली. गावाने श्वास रोखला. मग त्याने हळूच नारळ वर उचलून दाखवला.

याच वेळी शाल गुंडाळून आई परतली. "अगंबाई! दिलेली ओटी परत काढतात का कुठे?"

पोलीसबाईंनी ओली साडी नीट घडी करून, नारळासकट, पिशवीत घालून आईच्या हातात दिली. फार आदराने दिली, तेच वाईट. आई पिशवी उराशी धरून खोलीकडे चालू लागली.

संध्याकाळी बाकावर बसल्यावर मी तिची समजूत घालायला गेलो. "आई, दुसऱ्या नदीवर जाऊ. फ्रान्समध्ये पण आहेत!"

"मला नदीची हौस नाही रे, संजू. कृष्णेकाठी चार बायका मला नावाने हाक मारतात. तुमच्याकडे मी फक्त 'डबा झाला का' एवढंच ऐकते."

"असं काय म्हणतेस? आम्हाला तू हवीयस."

"तुम्हाला आई कुठे हवीय? बाई हवीय. ती मिळेल अल बर्शात."

खरं सांगतो, मला आधी रागच आला. एवढा खर्च, एवढी अब्रू गेली, आणि वर हे! पण राग गिळला आणि फोनवर तिचं तिकीट बघायला लागलो.

आई कऱ्हाडला गेली. आम्ही बाई शोधायला लागलो. पहिलीच जी आली, तिने सोफ्यावर ऐसपैस बसून विचारलं, "सर, मॅडम, वीकएंडला छुट्टी मिलेगी ना?"

मी मुग्धाकडे बघितलं, मुग्धाने माझ्याकडे. इतक्या वर्षांत आईला आम्ही वीकएंडची सुट्टी एकदाच दिली होती. आणि तेव्हाही, ऑस्ट्रियात, दोन्ही दिवस सकाळचा चहा तिनेच केला होता.