चुन्याचा गिलावा

शेजारी आज चुना भिजत घातला आहे. त्या वासाने मी मनाने पिंपळगावच्या मळ्यातील आमच्या जुन्या घरासमोर जाऊन उभी राहिले. आमचे वडील, नाना, गेल्यावर घर धाकट्या भावाच्या, सुरेशच्या वाट्याला आले होते. बाहेरचा गिलावा त्याला पूर्वीसारखाच हवा होता.

"ताई, चुन्यात गूळ किती, हिरड्याचं पाणी किती, ते नानांनी तुलाच शिकवलंय. तुझ्याशिवाय जमायचं नाही."

मी हरखून चुना कालवला.

भिंत पुरी होताच मोटारीतून एक गृहस्थ उतरले. "वा! रिसॉर्टला असंच जुनं हवं होतं. ताबा कधी देताय?"

सुरेश माझ्याकडे न पाहता म्हणाला, "ताई, चहा टाकतेस?"

तेव्हा घर गेल्याचे दुःख झाले. आता वाटते, खरे सांगितले असते, तरी मी आलेच असते. एवढेही त्याने मला ओळखले नव्हते.