घाट न चढणारी गाडी

नातीबरोबर नवी गाडी बघायला निघाले होते. वाटेत पंपावर पेट्रोलचा वास आला आणि मी पन्नास वर्षांमागच्या सांगलीतल्या गॅरेजात पोचले. पेट्रोलचे भाव भडकले होते, म्हणून मामंजी छोट्या इंजिनाची जुनी गाडी बघत होते.

"आवं, पेट्रोल लय कमी पिती," मिस्त्री म्हणाला, "पण माणसं भरून घाट चढायची न्हाई."

"आमाला कुठं घाट चढायचाय?" मामंजी हसले. आमच्या ह्यांनीही मान डोलावली.

माझं माहेर पाचगणी, पसरणीचा घाट चढून वर. मी पदर सावरला. मग मागच्या सीटवर बसले, तर काच खाली होईना.

तेव्हा वाटलं, विसरले असतील. आता वाटतं, विसरायला आधी ध्यानात असावं लागतं.

"आजी, ॲव्हरेज विचारू ना?" नात म्हणाली.

"ते मागनं. आधी घाट चढते का विचार."