पांडवांना लागलेला पांढरा

माझा राग अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आता वर्ष होत आलं. एवढ्याशा रंगासाठी काय डोक्यात राख घालून घ्यायची, असं मला चारजणींनी ऐकवून झालंय. त्यांतल्या एकीनंही कधी ॲक्रिलिकचा ब्रश हातात धरलेला नाही.

उमरग्याजवळच्या मुरुम गावात आमचं खता-बियाणाचं दुकान आहे. मालक, म्हणजे माझे यजमान, सकाळी जेवून जातात ते दिवेलागणीला येतात. सासूबाई, दीर-जाऊ, त्यांची नातवंडं, असं भरलेलं घर. पण दुपारी दोन ते चार मला कुणी हाक मारत नाही. त्या दोन तासांत, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मी रंगवायला बसले. लेकीनं पुण्याहून ट्यूबांचा डबा, चार ब्रश आणि तीन कॅनव्हास पाठवले होते. मागच्या खोलीत परसाकडच्या खिडकीशी शिलाई मशीन होतं, ते भिंतीला सारलं आणि तिथं टेबल लावलं.

पहिला महिना स्वतःवरच चिडण्यात गेला. शाळेत पाण्याचे रंग वापरलेले, तीच खोड. फिकट हवं की ओत पाणी. रंग खाली ओघळायचा आणि वाळला की कळकट डाग दिसायचा. त्यात आमच्याकडचा मे महिना. ताटलीत काढलेला रंग पाच मिनिटांत साय धरायचा. एकदा दारात भाजीवाली आली म्हणून उठले, परत येते तर ब्रश खिळ्यासारखा कडक. गरम पाण्यात बुडवला, साबण लावला, दगडावर आपटला, शेवटी उकिरड्यावर फेकला. लेकीला फोनवर म्हटलं, असले तापट रंग कशाला पाठवलेस गं? ती म्हणाली, "आई, तुझ्यावरच गेलेत." मला काही हसू आलं नाही.

आमच्या गल्लीत चित्रकलेचे एक निवृत्त सर राहतात. एक दिवस धीर करून दोन कॅनव्हास पदराखाली झाकून नेले. सरांनी कौतुक वगैरे काही केलं नाही. म्हणाले, "पाणी कमी करा. ह्या रंगात उजेड पांढऱ्यानं येतो, पाण्यानं न्हाय. आन ताटलीत ओलं फडकं हातरा, त्याच्यावर कागद, मग रंग. वाळायचा न्हाय." एवढ्या दोन गोष्टींसाठी मी महिनाभर ऊर बडवत होते.

तेव्हापासून पांढऱ्याचं वेड लागलं. खिडकीतून परसातली चुन्यानं रंगवलेली भिंत दिसते. तिच्यावर दुपारी शेवग्याची सावली पडते. तीच काढायला घेतली. भिंत पांढरी, असं आपण म्हणतो. बसून बघा म्हणजे कळेल. उन्हात ती पिवळट असते, सावलीत निळसर, खाली माती उडालेली तिथं तांबूस, आणि या सगळ्यात पांढरा लागतोच. ट्यूब आठ दिवसांत संपली. सोलापूरला जाणाऱ्या शेजारणीला चिठ्ठी देऊन पांढऱ्याची मोठी बरणी मागवली. या रंगाचं मला एक आवडायचं. चुकलं तर वाळू द्यायचं आणि वर दुसरा थर द्यायचा. संसारात असली सोय मला कधी मिळाली नाही.

मार्गशीर्ष लागला तसे सर घरी आले. उमरग्याला बायकांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते चित्रं घेऊन जाणार होते. "ती भिंत पुरी करा," म्हणाले. "ती टांगायसारखी हाय." आयुष्यात माझ्या हातच्या भज्जीला, पोळीला, लोणच्याला लोक चांगलं म्हणालेत. टांगायसारखं असं माझं काही पहिल्यांदाच निघालं होतं. उन्हाचा शेवटचा थर तेवढा राहिला होता. येळवस उरकून संध्याकाळी तो द्यायचा, असं ठरवून मी दोन दिवस चुलीपुढं बाजरीचे उंडे, डाळी-पालेभाज्यांची भज्जी, धपाटे करत राहिले. आंबील सासूबाईंनी घातली.

येळवशीला आमच्याकडं सगळा गाव शेतात असतो. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांना चुना आणि तांबडी काव लावून पूजा करायची आणि येईल त्याला जेवायला घालायचं. आम्ही बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी घेऊन पोचलो, तोवर मालक आणि दीर पुढं येऊन पूजेची तयारी करून बसले होते. मी आरतीचं ताट घेऊन कोपीत वाकले. पांडव नुसते चकाकत होते. चुना असा चकाकत नाही. बाजूला माझी बरणी आडवी पडलेली, आतून बोटानं निपटून काढलेली.

मी विचारलं, "ही कुणी आणली?"

"चुना भिजवायचा राहिला," मालक म्हणाले. "मागच्या खोलीत पोरांच्या रंगाचा डबा दिसला, घेतला. पांढरा तर पांढरा."

"विचारलं का कुणाला?"

दुकानाची दहा-पंधरा गिऱ्हाइकं पंगतीला बसलेली. त्यातला एक म्हणाला, "वैनी, देवाच्या कामाला लागला की. नशीब लागतंय." सगळे हसले. मालकही हसले. सासूबाईंनी माझा दंड धरला आणि "सुम्निर" म्हणाल्या, कन्नडात गप राहा म्हणतात तसं. देवाचं नाव काढलं की बाईनं तोंड मिटायचं, हे त्यांनी पन्नास वर्षं केलं आणि मला तीस वर्षं शिकवलं. मी मिटलं. पण एकालाही वाढलं नाही. जाऊबाईंनी वाढलं. मी हरभऱ्याच्या बांधावर बसून राहिले, कुणी बोलवायला आलं नाही.

परत येताना ट्रॉलीत सगळ्या गप्पा मारत होत्या. माझ्या डोक्यात एकच, सकाळी सर येणार आणि माझ्याकडं बोटभर पांढरा नाही. मुरुमला तो मिळत नाही. सोलापूर गाठायला वेळ नाही. पांडवांवरचा तर वाळून दगडाचा झालेला.

घरी आल्यावर हातपायसुद्धा धुतले नाहीत. मागच्या खोलीतून कॅनव्हास आणला आणि चहा पीत बसलेल्या मालकांच्या पुढं धरला. म्हटलं, "ह्याच्यासाठी हुता तो रंग. हे उद्या द्यायचं हुतं."

त्यांनी चष्मा लावला. चित्र लांब धरलं, जवळ धरलं. "ही आपल्या परसातली भित हाय की," म्हणाले. "शेवग्याची सावलीबी हुबेहूब. कुणाचं हाय हे?"

"माझं."

"तसं न्हवं. काढलंय कुणी?"

शेतात ते पोरांचा डबा म्हणाले, तेव्हा मला वाटलं होतं, लोकांपुढं वेळ मारून नेतायत. तसं नव्हतं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. सात महिने मी त्या खोलीत बसत होते. नखांत निळा रंग अडकलेल्या हातानं मी त्यांना रोज भाकरी वाढली. माझी बरणी त्यांनी न विचारता नेली म्हणून मी दिवसभर जळत होते, आणि ती कुणाची असेल हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आता राग कुठून सुरू करावा हेच मला कळेना.

"काढणारी ह्याच घरात ऱ्हाती," मी म्हटलं. "तीस वर्षं तुम्हाला वाढती. आज तुमच्या हातानं वाढून घ्या." आणि आत जाऊन दार लावलं.

सकाळी सर आले. अपुरं चित्र मी देणार नव्हते, त्यांनीही आग्रह केला नाही. मोटारसायकलला किक मारणार तेवढ्यात ओट्यावरून मालकांनी त्यांना थांबवलं आणि विचारलं, "सर, हिला खरंच येतं का हो?"

मी दारातच उभी होते. सर माझ्याकडं बघून मग त्यांना म्हणाले, "मला काय विचारता? मागच्या खोलीत जाऊन बघा की. अजून दोन हाईत तिथं."

बघतो, असं मालक म्हणाले. पण दुकान उघडायची वेळ झाली होती, ते किल्ल्या घेऊन गेले.