आमेनपर्यंत थांबलेली ढोलकी

आमच्या गावच्या चर्चमध्ये एकच गीत दोनदा संपायचं. आधी पुरुषांचं, मग बायकांचं. मधल्या वेळात पुरुष मंडळी उभ्या उभ्या छताची कौलं पाहत, खोकत, आणि ज्यांचं शेत चर्चला लागून होतं ते म्हणे बैलाला पाणी दाखवून परत येत. हे शेवटचं मी स्वतः पाहिलेलं नाही. पण माझा बाप ते चर्चच्या पायरीवर उभं राहून सांगायचा, आणि त्या पायरीवर सांगितलेलं खोटं म्हणायची माझी छाती नाही.

गाव मुकुटबनच्या बाजूचं. चारी बाजूंनी कापसाची पऱ्हाटी, आणि मधे आमची मूठभर लूथरन मंडळी. चर्च कौलारू, बसकं, पुढे निंबाचं झाड आणि त्याला टांगलेली घंटा. ती घंटा रविवारी वाजली की तिकडे वणीच्या खाणीतले मजूर जेवायची सुट्टी झाली समजून वर येत, अशी तिची ख्याती होती.

गीत दोनदा संपण्याचं कारण असं. फार पूर्वी एक गोरी मडम गावातल्या बायकांना शिवणकाम शिकवायची आणि सुई चालता चालता गीतंही शिकवायची. तिचं मराठी अडखळतं. पुढचा शब्द सापडेपर्यंत ती आधीच्या शब्दाचा सूर लांबवत राहायची. बायकांना वाटलं, चालच तशी आहे. त्यांनी तो अडखळा जिथल्या तिथं, जसाच्या तसा पाठ केला आणि लेकींना, सुनांना दिला. पुरुषांना मात्र गीतं शिकवली एका उपदेशकानं. तो गळ्यात ढोलकी अडकवून गावोगाव पायी फिरायचा, ऊन चढायच्या आत पुढचं गाव गाठायचा, आणि त्याचं गाणं त्याच्या पायांच्या वेगानं चालायचं. मडम गेली, उपदेशक गेला, पण पेटी बायकांच्या बाजूला राहिली अन् ढोलकी पुरुषांच्या. पेटी डावीकडे, ढोलकी उजवीकडे. कितीतरी पाळकांनी हे दोन बैल एका जुवाखाली आणायचा प्रयत्न केला. एक तर लाकडी रूळ घेऊन मधोमध उभा राहिला आणि हवेत ताल मारू लागला. पुढच्या वर्षी त्याची बदली झाली, आणि जाताना तो रूळ इथंच टाकून गेला.

एक गोष्ट मात्र कुणीच मोडली नाही. कोणी कितीही आधी पोचो, आमेन सगळ्यांनी मिळून म्हणायचं. म्हणून पुरुष थांबायचे.

माझ्या काळात ढोलकी माझ्याकडे आली आणि पेटी वहिनींकडे. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. पुसदकडून सून होऊन आल्या आणि पहिल्याच रविवारी पेटीवर बसल्या, त्या उठल्याच नाहीत. भाऊ शाळेत मास्तर होता. तो गेला तरी वहिनींच्या सुरात काडीचा फरक पडला नाही. उलट एकेक स्वर आणखी जरा लांबला. माझी बायको घरात माझी होती, चर्चमध्ये मात्र वहिनींची. तीही हळू गायची. मी डोळे वटारले की ती गीताच्या पुस्तकात तोंड घालायची आणि आणखी हळू गायची. तिलाही देवानं लवकर नेलं. एवढी एकच गोष्ट तिनं घाईनं केली.

प्रार्थना संपून बाहेर आलो की निंबाखाली आमची जुंपायची.

"भाऊजी, देवाची काई गाडी चुकून राह्यली का तुमची?"

"वहिनी, तुमी आमेनले पोचेपर्यंत येशू दुसऱ्यांदा येऊन वापस जाईन. आपल्याले मालूमही नाई पडन."

"येऊ द्या ना. आमी गाता गाता भेटू त्याले. तुमी भेटसान छताकडे पाहत."

आजूबाजूची माणसं हसायची. तेव्हा हसायला माणसं होती.

मग ती कापसाची वर्षं आली. बोंडअळी अशी माजली की रात्री शेतातून चावण्याचा आवाज यायचा आणि कुत्री भुंकायची. एक अळी चर्चच्या बाकावर येऊन बसली होती आणि प्रवचनभर हलली नाही. ती बाप्तिस्मा मागायला आली असावी असं माझं मत पडलं, वहिनी म्हणाल्या, ती एवढी संथ, तिला आधी ढोलकीच्या बाजूनं उठवून आमच्याकडे बसवा. उपकारस्तुतीच्या, म्हणजे पिकासाठी देवाचे आभार मानायच्या रविवारी आम्ही पहिल्या वेचणीचा पांढरा कापूस आणून वेदीपुढे ढीग घालायचो, मागच्या बाकावरून पाळक दिसायचा नाही एवढा. त्या वर्षांत ढीग उतरत उतरत पाळकाच्या गुडघ्यापर्यंत आला, मग पायांपर्यंत, आणि एका वर्षी वहिनींनी पऱ्हाटीची एक काडीच आणून ठेवली. तिच्यावर एक बोंड होतं, अर्धं उघडलेलं.

मंडळी पांगू लागली. कोणी वणीला खाणीच्या ट्रकवर गेलं, कोणी पुण्याला कंपनीच्या दारावर शिट्टी घेऊन उभं राहिलं. माझा मुलगाही गेला. जाणारा प्रत्येक जण नाताळाला येतो म्हणून सांगायचा आणि एक-दोन नाताळ यायचाही. पुरुषांच्या बाजूचे बाक मागून रिकामे होत गेले, बायकांच्या बाजूचे पुढून. शेवटी उजवीकडे मी उरलो अन् डावीकडे वहिनी.

मधली जागा तशीच. एका बाकावर येऊन बसावं हे आम्हाला सुचलंही नाही. सुचलं असतं तरी बसलो नसतो, कारण मग पुरुषांची बाजू कोणती आणि बायकांची कोणती. पाळकसाहेब महिन्यातून एकदा मोटारसायकलवर यायचे, बाकीचे रविवार मीच वेदीजवळ उभा राहून विधी वाचायचो. अख्ख्या मंडळीचा आशीर्वाद द्यायचो आणि तो सगळाच्या सगळा एकट्या वहिनींना मिळायचा. मग गीत. मी धडाधडा टोकाला पोचायचो, ढोलकीवर हात ठेवायचो आणि थांबायचो. पलीकडून पेटीचा भाता सुस्कारे टाकत यायचा, त्याच्यामागून वहिनींचा चिरका आवाज. घरी माझ्याशी बोलायला एक बैल आणि एक भिंत होती. त्यामुळे ते थांबणं मला आताशा जड जात नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नाही. उलट प्रत्येक वेळी मोठ्यानं जांभई द्यायचो.

एका रविवारी पाळकसाहेबांनी निंबाखाली चहा घेता घेता सांगितलं, "असं आहे, माझ्याकडे गावं फार आहेत. तुम्ही दोघं आहात तोवर येतो. एकजण उरलं तर मग त्यानंच वणीला यावं, हे बरं."

वहिनींनी कप खाली ठेवला. गुडघा चोळत बसल्या. त्यांचे गुडघे त्या वर्षी फारच बिघडले होते. घरापासून चर्चपर्यंत यायला त्या शनिवारीच निघतात की काय असं वाटायचं.

थोड्याच दिवसांत त्यांची मुलगी पुण्याहून आली. दवाखाना घराजवळ आहे, लिफ्ट आहे, खोली वेगळी आहे, सगळं सांगून झालं. वहिनी ढिम्म. मग ती माझ्या ओट्यावर येऊन बसली.

"काका, आई म्हणते, भाऊजींले विचारल्याबिगर काई सांगत नाई. तुमीच सांगा तिले, जा म्हणून."

"मी सांगतलं तं थे उलटंच करन."

"काका, मजाक नोका करू. तिले रात्रभर झोप नाई. पाय धरून बसते."

ते मला ठाऊक होतं. आमच्या दोन घरांमध्ये एक भिंत आहे आणि ती काही किल्ल्याची नाही.

मी वहिनींकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. तोंडातून निघालं ते असं:

"वहिनी, पुण्याले नोका जाऊ. तिथं तुमच्यासारख्या माणसाले रस्ता पार कराले चातुर्मास लागन. गाड्या थांबून थांबून तिथंच गंजून जातीन."

त्या हसल्या. मीही हसलो. आयुष्यभर इतकं काही थट्टेत सांगून बसलोय की ते 'नोका जाऊ' त्यांनी गाड्यांच्या सोबतच हवेत सोडून दिलं. ते तेवढं वेगळं काढून परत म्हणावं, असं मनात आलं. त्यांनी पाय सरळ करायला हात टेकला आणि त्यांचा चेहरा असा काही झाला, की मी म्हटलं, "जा बाप्पा. गुडघ्याले चाल समजत नाई."

"तुमी काय करसान मंग?"

"मी? एकट्यानं सुसाट गाईन. अडवाले कोणी नाई."

"हाव," त्या म्हणाल्या, आणि तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला.

शेवटच्या रविवारापर्यंतचा तो आठवडा मी गोठ्यात सराव केला. वहिनींच्या चालीचा. जन्मात एकदा त्यांच्यासोबत चालावं, त्यांच्याच पावलानं आमेनपर्यंत जावं, असं मी ठरवलं होतं. सोपं नव्हतं. हात आपोआप पुढे पळायचा. एकेक स्वर ओढून धरता धरता माझा दम संपायचा, आणि बैल तर पहिल्याच कडव्यात बसला आणि असा झोपला की दुसऱ्या दिवशी दुपारी उठला. पण जमलं. मडम जिथं जिथं अडखळली होती तिथं तिथं मीही अडखळायला शिकलो.

रविवारी घंटा वाजवली. वहिनी मुलीच्या हाताला धरून आल्या आणि पेटीवर बसल्या. मुलगी मागच्या बाकावर बसली. ती लहानपणीच शिकायला बाहेर गेलेली, तिला कोणतीच चाल येत नव्हती. मी विधी वाचला. मग शेवटचं गीत सांगितलं, ढोलकी मांडीवर घेतली आणि पहिली थाप अगदी हलकी, अगदी लांब टाकली.

तेवढ्यात डावीकडून पेटी सुटली. कशी सुटली म्हणता. घाटातून ब्रेक निकामी झालेला कोळशाचा ट्रक यावा तशी. वहिनींची बोटं उड्या मारत होती, भाता धापा टाकत होता, आणि त्या माझ्याकडे न पाहता उपदेशकाच्या पायांनी पळत सुटल्या होत्या. मी पहिल्या ओळीतच होतो, त्या दुसऱ्या कडव्यात. मला वाटलं आपण वेग घ्यावा. पण आठवडाभर हात बांधून ठेवला होता, तो सुटेना. त्यांनाही बहुधा मागे वळता येईना, कारण त्यांनीही घरात दार लावून असाच सराव केला होता, हे मला मग मुलीनं सांगितलं.

वहिनी शेवटाला पोचल्या. पेटी थांबली. आमच्या चर्चमध्ये बायका पहिल्यांदाच पुरुषांसाठी थांबल्या.

आणि मी गात होतो. दीड कडवं बाकी. आजवर मला वाटायचं की जो थांबतो त्याचे हाल. तसं नसतं. थांबणाऱ्याला निदान दुसऱ्याचा आवाज असतो. त्या एवढ्याशा चर्चमध्ये माझा आवाज भिंतीला जाऊन परत येत होता, आणि एकेका स्वराला इतकी जागा होती की तिच्यात माणूस हरवावा. इतकी वर्षं आम्ही पोचल्यावर वहिनी तिकडे अशाच एकट्या गात आल्या होत्या, आणि मी जांभया देत होतो. मी घाई केली नाही. सगळे अडखळे घेतले. वहिनी पेटीवर हात ठेवून समोर बघत होत्या. त्यांनी छताकडे पाहिलं नाही.

आमेन आम्ही मिळून म्हटलं.

"भाऊजी," बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "तुमाले कधी अक्कल नाई येणार. मी जाता जाता तुमचं मन राखाले गेलती."

"अन् मी काय करून राह्यलो होतो?"

"आज तरी आपली वाट पकडाची होती ना."

"मंग पुढच्या रविवारी पकडतो."

बोलून गेलो. त्या निंबाकडे पाहत राहिल्या. मुलीनं पिशव्या ऑटोत टाकल्या. वहिनी चढायला लागल्या तेव्हा पाय उचलेना. मी खालून आधार दिला. त्या माझ्या खांद्यावर हात टेकून वर गेल्या आणि बसल्यावर हात लगेच काढून घेतला नाही. मग ऑटो गेला. पाळकसाहेबही नंतर आले नाहीत. त्यांनी आधीच सांगितलं होतं, त्यात त्यांचं चुकलं असं नाही.

मी वणीला गेलो नाही. रविवारी घंटा वाजवतो, दार उघडतो, डावीकडचे बाक पुसतो, उजवीकडचा एक पुसतो. आशीर्वाद वाचतो तेव्हा तो कुणाला द्यायचा कळत नाही, म्हणून दाराकडे तोंड करून गावाला देऊन टाकतो. गीत जलद म्हणावं तर पुढे फार वेळ उरतो, हळू म्हणावं तर दम पुरत नाही.

रविवारी संध्याकाळी वहिनींचा फोन येतो. आमच्या गावात रेंज फक्त चर्चच्या पायरीवर सापडते, म्हणून मी तिथं जाऊन बसतो. परवा त्यांनी पुण्याच्या चर्चची तक्रार सांगितली. तिथं गिटार आहे, मोठे ड्रम आहेत, पोरं इतकं पळवतात की पुस्तक उघडेपर्यंत आमेन होऊन जातं. "तुमीही मागं पडसान," त्या म्हणाल्या. गुडघ्याचं विचारलं तर म्हणाल्या, बरं आहे, जिना चढता येतो. मग त्यांनी विचारलं,

"आज किती जण होते आपल्याकडे?"

मागं दार उघडंच होतं. आत उजेड कमी झाला होता.

"विचारूच नोका," मी म्हटलं. "बसाले जागा नाई. खिडकीत माणसं."

"बायकांच्या बाजूले?"

"सगळ्या होत्या."

पलीकडे मुलीच्या घरातला मिक्सर चालू होता, तो बंद झाला.

"हळू म्हणतात ना?"

"इतकं हळू, की सकाळचं गीत अजून चालूच आहे. आमचं होऊन गेलं, म्हणून तं मी बाहेर येऊन बोलून राह्यलो."

मी फोन कानावरून काढून पाहिला. मला वाटलं रेंज गेली.

"मंग जा आत," वहिनी म्हणाल्या. "आमेनले माणूस हजर पाह्यजे."

मी फोन खिशात टाकला आणि आत गेलो.